फ्रायबुर्गला तीन महिने चाललेय, तिथे ओळखी कशा होतात?

पाणकोंबडी | २७ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. धागा जरा घाईत काढतेय, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी मूळची कराडची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जर्मनीच्या डाड या विद्यार्थी-देवाणघेवाण संस्थेची वाइज शिष्यवृत्ती मिळाली. मे ते जुलै फ्रायबुर्गच्या विद्यापीठात सौरघटांवर काम करायचंय. व्हिसा, विमा, तिकीट सगळं झालंय, त्याबद्दल काही विचारायचं नाही.

विचारायचंय ते वेगळंच. दिवसा प्रयोगशाळा असेल, पण जूनमध्ये तिकडे सूर्य साडेनऊला मावळतो म्हणे. एवढ्या लांबलचक संध्याकाळी कुणाबरोबर काढायच्या? ओळख झाली की मी भरपूर बोलते, पण आपणहून कुणाच्या पुढ्यात जाऊन उभी राहणाऱ्यातली नाही. जर्मन ए-१ पर्यंत झालंय. बेकरीत पाव मागता येतो, पण बेकरीवालीने उलट काही विचारलं की खेळ खलास. आई म्हणते मराठी मंडळ शोध. बाबा म्हणतात तीन महिन्यांत कसल्या मैत्रिणी, काम कर आणि परत ये.

केळफूल | २७ एप्रिल २०२५

अभिनंदन गं! मी श्टुटगार्टला असते, लग्न झाल्यापासून इकडेच.

बाबांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नकोस. इथे कुणी भेटलं की पहिल्या पाच मिनिटांत विचारतं, किती दिवस आहेस? तू तीन महिने म्हणालीस की पुढचं बोलणं हवापाण्यावर जातं. तुसडेपणा नाही तो. यांचे मित्र शाळेतले, पोहण्याच्या क्लबातले, गावच्या बँडमधले, वर्षानुवर्षांचे. मैत्री म्हटली की घर बदलताना त्याची कपाटं उचलायला जाणं आलं, आजारी पडला तर सूप पोचवणं आलं. जुलैअखेर निघून जाणाऱ्या माणसाशी एवढं सगळं सुरू करायला ते बिचकतात.

तुझ्यासारखेच तात्पुरते आलेले मात्र लगेच खुलतील. आणि एक लक्षात ठेव, वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा. तुझा त्या दिवसांत येत असेल तर घरी केक करून प्रयोगशाळेत ने.

निवांत_नाना | २८ एप्रिल २०२५

आम्ही कंपनीच्या ट्रेनिंगला गेलो तेव्हा पश्चिम जर्मनी होती आणि खिशात मार्क. भारतात फोन लावायचा तर नाणी मोजून ठेवावी लागत. त्यामुळे संध्याकाळी समोर जो असेल त्याच्याशी बोलण्यावाचून इलाजच नसे. शेजारच्या खोलीतल्या तुर्की कामगाराने मला तिथे बॅकगॅमन हा फाशांचा खेळ शिकवला, ना त्याला इंग्रजी येई ना मला तुर्की. तुम्हा मुलांचं घर खिशात असतं. सातला आईचा व्हिडिओ कॉल, आठला मैत्रिणींचा ग्रुप, नऊला सिरियल. मग म्हणायचं ओळखी होत नाहीत.

तिरपागडा | २८ एप्रिल २०२५

नाना, हे तुम्ही पोस्टकार्डावर लिहून पाठवलंत का?

निवांत_नाना | २८ एप्रिल २०२५

नातवाच्या टॅबवरून. तो शाळेतून यायच्या आत परत ठेवायचाय.

अनुस्वार | २९ एप्रिल २०२५

मी २०१९ मध्ये याच शिष्यवृत्तीवर आखेनला होतो. तीन गोष्टी सांगतो, कुणाला पटोत न पटोत.

खोली निवडायची संधी असेल तर स्वयंपाकघर सामायिक असलेलीच घे. स्वतंत्र स्टुडिओ मिळाला तर आईबाबा खूश होतील, तू भिंतीशी बोलशील.

मराठी मंडळाबद्दल: मोठी मंडळं फ्रँकफुर्ट-म्युनिककडे. फ्रायबुर्गहून फ्रँकफुर्टच वेगवान गाडीने दोन-सव्वादोन तास. सणाला जाशील, रोजच्या संध्याकाळींना काय उपयोग? तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र उतरल्याबरोबर गाठ. मला पहिल्या रात्री गादी, तांदूळ आणि सिमकार्ड याच मंडळींनी दिलं. मी पुढे सगळा उन्हाळा त्यांच्यातच राहिलो, दर शनिवारी बिर्याणी आणि पत्ते. मजा आली, तक्रार नाही. पण आखेनमध्ये होतो की इचलकरंजीत, हे सांगता आलं नसतं.

तिसरं, डॉइचलांड-तिकीट काढ. यंदा, २०२५ मध्ये, महिन्याला ५८ युरो, देशभरातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस सगळं त्यात येतं. रविवारी दुकानं बंद असतात. तेव्हा खोलीत बसून राहिलीस तर रविवार खायला उठतो.

पाणकोंबडी | १८ मे २०२५

पोचले, स्थिरावले. खोली झेपार्कच्या बाजूच्या विद्यार्थी वसाहतीत मिळाली. अनुस्वारदादा, स्वयंपाकघर सामायिक आहे, आणि त्यावरून रोज महाभारत!

गाव छान आहे. जुन्या भागात रस्त्याच्या कडेने हातभर रुंदीचे पाण्याचे पाट वाहतात, त्यांना बेश्ले म्हणतात. लहान मुलं दोरीला लाकडी होडी बांधून त्यातून ओढत नेतात. चुकून पाय पडला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होतं अशी समजूत. आईला हे सांगितल्यापासून ती रोज विचारते, बघून चालतेस ना?

संध्याकाळी पोरं आउगुस्टिनरप्लात्स नावाच्या चौकात फरशीवरच गटागटाने बसतात. शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून तिथे एक दिव्याचा खांब उभा केलाय. रात्र चढली की त्याचा रंग बदलत जातो, लाल झाला की आवाज कमी करायचा. पोलीस नाही, पाटी नाही. पुण्यात असा खांब लावला तर पहिल्या रात्री लोक त्याच्यासोबत सेल्फी काढतील, दुसऱ्या रात्री त्याला हार घालतील.

ओळखींचं म्हणाल तर केळफूलताई, तुमचं शब्दशः खरं ठरलं. प्रयोगशाळेत ज्याच्या हाताखाली काम करते त्याने हात मिळवल्यावर लगेच विचारलं, कधीपर्यंत आहेस? वागायला अतिशय सज्जन. मला कळेपर्यंत तीनदा समजावतो, पण पाच वाजले की सायकलवर टांग मारून गायब.

आमच्या मजल्यावरचे लोक (नावं देत नाही, त्यांना विचारलेलं नाही): एक तेहरानची, आर्किटेक्चर करणारी. एक कोलंबियन, अखंड बडबड आणि अखंड भात. एक जर्मन, वनशास्त्र शिकणारा, त्याला मी मनात वनवाला म्हणते. तो सकाळी एकदा नमस्कार करतो, रात्री एकदा. फ्रिजवर सफाईच्या पाळ्यांचा तक्ता त्याच्याच अक्षरात आहे. ओला कचरा, कागद, प्लास्टिक, उरलेलं असे वेगळे डबे. कोलंबियनने दह्याचा डबा भलत्याच डब्यात टाकला तर वनवाल्याने काही न बोलता तो उचलून, धुऊन योग्य डब्यात ठेवला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

केळफूल | १९ मे २०२५

डबा धुतला म्हणजे तुम्हाला त्याने घरातलं मानलं. खरंच सांगते. परक्यांच्या कचऱ्याला कुणी हात लावत नाही.

तिरपागडा | १९ मे २०२५

लग्नाच्या बाजारात नवीन निकष आला म्हणायचा.

पाणकोंबडी | ८ जून २०२५

थोडं बरं चाललंय. कोलंबियन आणि तेहरानवाली यांच्याशी आता चांगलीच गट्टी आहे. एक विचित्र गोष्ट लक्षात आली. आम्ही तिघंही कधी ना कधी जाणार, कोलंबियन तर माझ्याच आठवड्यात. त्यामुळे आधी चहा, मग पुढच्या महिन्यात जेवण, असला क्रमच राहिला नाही. निघायची तारीख ठरलेली असली की लाजणं परवडत नाही. दुसऱ्या भेटीत कोलंबियन त्याच्या आईवडिलांच्या घटस्फोटाबद्दल बोलत होता. कराडला माझ्या शेजारच्या मैत्रिणीने असलं काही सांगायला दहा वर्षं घेतली असती.

तेहरानवालीने मला लोरेटोबाडला नेलं. उघड्यावरचे पोहण्याचे तलाव आहेत, त्यात एक भाग फक्त बायकांसाठी, एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला. सत्तरीच्या आज्या गवतावर टॉवेल टाकून पुस्तकं वाचत पडलेल्या असतात. मला पोहता येत नाही. तिने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून शिकवायला घेतलंय. तिचं जर्मन पक्कं, माझं कच्चं, इंग्रजी दोघींचंही बेतास बात. 'पाय मार' आणि 'श्वास सोड' एवढं तीन भाषांत येतं आता.

निवांत_नाना | ८ जून २०२५

शाबास. बॅकगॅमन इराणी लोकांनाही येतो. विचारून बघ.

पाणकोंबडी | २२ जून २०२५

आज जरा वेगळं लिहितेय.

१३ तारखेपासून इराणवर हल्ले सुरू आहेत, तुम्हाला माहीतच आहे. तेहरानवालीचे आईवडील, धाकटा भाऊ तिकडेच. सुरुवातीचे दिवस ती सतत फोनवर होती. मग तिकडचं इंटरनेट जवळपास बंदच झालं. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खुर्चीत बसते आणि दर थोड्या वेळाने तोच नंबर लावते.

आम्हाला काय बोलावं कळत नव्हतं. मला तिकडच्या राजकारणातलं फारसं कळत नाही आणि तिलाही त्यावर बोलायचं नव्हतं. कोलंबियन, ज्याचं तोंड कधी बंद नसतं, तो तिच्यासमोर बसून नुसते कांदे चिरतो. मी वरणभात करते, ती चार घास खाते. रात्री एकटीला झोप येत नाही म्हणाली, म्हणून मी माझी गादी तिच्या खोलीत टाकलीय.

या आठवड्यात सफाईची पाळी तिची होती. परवा सकाळी बघते तर तक्त्यावर तिच्या नावावर पट्टी मारून शेजारी वनवाल्याचं नाव होतं, आणि ओटा घासून लख्ख. तो तिच्याशी एक शब्दही बोललेला नाही. ती तक्त्यासमोर उभी राहून इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

केळफूल | २२ जून २०२५

तिला माझ्याकडून खूप धीर दे. आणि गादी तिथेच राहू दे.

चिंचेचा_पाला | २३ जून २०२५

नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते. आम्ही १९९० साली कुवेतमध्ये होतो. ऑगस्टमध्ये इराकी सैन्य आलं तेव्हा माझे सासूसासरे सांगलीत, फोन लागेना. आमच्या इमारतीतल्या पॅलेस्टिनी बाईंनी आमच्या दोन्ही मुलांना रोज जेवू घातलं. त्यांचं पुढे काय झालं ते मला आजतागायत समजलं नाही. तुझ्या मैत्रिणीचा पत्ता, ई-मेल, सगळं नीट लिहून घे गं. फोनमध्येच नको, वहीतही.

पाणकोंबडी | २६ जून २०२५

लिहून घेतलं, चिंचेचा पालाताई. परवा युद्धबंदी झाली. काल तिच्या भावाचा फोन लागला, सगळे सुखरूप आहेत. शहराबाहेर नातेवाइकांकडे गेले होते. आज ती दुपारपर्यंत झोपली.

पाणकोंबडी | ६ जुलै २०२५

गेला आठवडा उकाड्याचा. २ जुलैला देशात काही ठिकाणी पारा ३९ च्या पुढे गेला. इथे घरांना पंखे नाहीत, भिंती थंडीसाठी बांधलेल्या, आत आलेली उष्णता बाहेर जायचं नाव घेत नाही. सगळे खिडक्या सताड उघड्या टाकून घामाघूम बसलेले. मी सकाळी आठलाच मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या आणि पडदे बंद केले, रात्रीच उघडायचे म्हटलं. वनवाल्याने पहिल्यांदा माझ्याशी वाद घातला, ताजी हवा हवी म्हणून. हवा ताजी ठेवण्यावर या लोकांची श्रद्धा आहे, थंडीतही खिडक्या उघडतात म्हणे. संध्याकाळी बाहेरून आल्यावर मात्र गुपचूप स्वयंपाकघरातच बसला. रात्री डोंगरातून होलेनटेलर नावाचं वारं गावात उतरतं, तेव्हा सगळं उघडलं. आईने बळेच दिलेली आगळाची बाटली त्या आठवड्यात संपली. कोकम सरबताला तेहरानवाली म्हणाली, हे आमच्याकडच्या सरबतांच्या घराण्यातलं.

आज आषाढी. रविवार, म्हणजे दुकानं बंद, त्यामुळे साबुदाणा कालच आणून भिजवला होता. भिजलेले दाणे बघून कोलंबियनने विचारलं, बबल टी करतेयस? मग त्याला खिचडी वाढली, वर तळलेला बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी, दही. त्याचा प्रश्न: हा उपास आहे? उपास सुटल्यावर तुम्ही काय खाता?

तिरपागडा | ६ जुलै २०२५

यावर आजवर कुणाही मराठी माणसाला उत्तर देता आलेलं नाही.

केळफूल | ६ जुलै २०२५

साबुदाणा भारतीय दुकानातलाच ना? इथल्या आशियाई दुकानांतले टॅपिओकाचे मोती घेतले तर खिचडीची खळ होते, सगळ्यांनी एकदा करून बघितलीय.

निवांत_नाना | ७ जुलै २०२५

खिचडीत जिरं घातलंस की नाही, हे लिहिलेलं नाही. आणि दाण्याचं कूट तिकडे कशावर केलंस?

पाणकोंबडी | ७ जुलै २०२५

जिरं घातलं, नाना. दाणे टॉवेलात गुंडाळून लाटण्याऐवजी वाइनच्या बाटलीने कुटले. विठोबा समजून घेईल.

पाणकोंबडी | २० जुलै २०२५

काल रात्री बायकांच्या युरो स्पर्धेची उपउपांत्य फेरी, जर्मनी विरुद्ध फ्रान्स. सामना बाझलला, म्हणजे आमच्याहून गाडीने तासाभरावर. तिकिटं कुणाकडेच नव्हती. वसाहतीच्या बारमध्ये पडदा लावला होता, अख्खी वसाहत तिथे. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तेराव्याच मिनिटाला जर्मनीच्या खेळाडूला लाल कार्ड, शिवाय त्यावर पेनल्टी आणि गोल. उरलेला सगळा सामना, जादा वेळेसकट, दहाजणी खेळल्या. बरोबरी केली. जादा वेळात गोलरक्षक बेर्गरने मागे झेपावत गोलरेषेवरून चेंडू काढला तेव्हा बारमधल्या खुर्च्या पडल्या. शेवटी पेनल्टींवर जर्मनी ६-५.

वनवाल्याने ओळीने सगळ्यांना मिठ्या मारल्या. मला, कोलंबियनला, एका अनोळखी फ्रेंच मुलालाही, जो बिचारा रडत होता. मग आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसलो आणि तो दोन तास बोलला. ओल्डेनबुर्गकडचा आहे, सपाट प्रदेश, डोंगर बघायला म्हणून दक्षिणेत शिकायला आला. मी सरळ विचारलं, इतके दिवस का बोलला नाहीस? म्हणाला, तुम्ही सगळे जुलैत जाणार होतात. गेल्या वर्षीही याच मजल्यावर अशीच मंडळी होती, त्याच्या आदल्या वर्षीही. दर वर्षी नव्याने सुरुवात करून ऑगस्टमध्ये रिकाम्या स्वयंपाकघरात एकट्याने जेवायचा त्याला कंटाळा आला होता.

मला हे डोक्यातच आलं नव्हतं. मी सारखी माझ्याच तीन महिन्यांचा हिशोब मांडत होते. इथे राहणाऱ्यांना आमच्यासारखे लोक दर उन्हाळ्यात निरोप देऊन जातात.

पुढच्या रविवारी शाउइन्सलांट डोंगरावर चालत जायचं ठरलंय. १२८४ मीटर. केबल कार आहे, पण वनवाला म्हणतो ती उतरायला.

अनुस्वार | २० जुलै २०२५

हे वाचून आखेनचा माझा शेजारी आठवला. रोज दार हळू लावायचा, एवढंच त्याच्याबद्दल माहीत आहे.

केळफूल | २१ जुलै २०२५

मी एवढी वर्षं इथे राहते, त्यामुळे आता मी वनवाल्याच्या बाजूची आहे. दर वर्षी भारतातून कुणी ना कुणी येतं, माझ्या हातचं जेवतं, ताई ताई करतं, परत जातं. पहिल्या काही जणांच्या वेळी मी स्टेशनवर सोडायला गेले होते. आता डबा देते आणि दारातूनच निरोप देते. तुझ्या बाबांना सांग, मैत्रिणी तीन महिन्यांत होतात. मागे राहणाऱ्याचं काय, हे मात्र कुणी विचारत नाही.

तिरपागडा | २१ जुलै २०२५

ताई, तुम्ही मला २०१६ साली डब्यात पुरणपोळी दिली होती. मी तोच. डबा अजून माझ्याकडेच आहे.

केळफूल | २१ जुलै २०२५

अरे देवा. निळ्या झाकणाचा?? मी तो डबा घरभर शोधला!

पाणकोंबडी | १४ सप्टेंबर २०२५

कॉलेज सुरू झालं, म्हणून उशीर. शाउइन्सलांट झालं. पाय आठवडाभर दुखले, आणि वरून ढगांमुळे काहीही दिसलं नाही.

कोण संपर्कात आहे असं दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं. कोलंबियन घरी पोचल्यावर आठवडाभर शंभर मेसेज करायचा, आता गप्प. मला राग नाही, तो जिथे असेल तिथे समोरच्याशी बोलत असणार. तेहरानवाली फ्रायबुर्गलाच आहे, आम्ही बोलतो. मी इथे सकाळी तलावावर जाते, तिला व्हिडिओ पाठवते, ती चुका काढते. वनवाला कमी लिहितो. पण मजल्यावर दोन नवीन मुली आल्यात, एक घानाची, एक व्हिएतनामची, आणि त्याने पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसाठी बटाट्याचं सॅलड केलं असं तेहरानवालीकडून कळलं.

खारीक | १५ सप्टेंबर २०२५

ताई, मी पुढच्या उन्हाळ्यासाठी अर्ज करतोय, फ्रायबुर्गच. एकच विचारतो, तिथे सायकल विकत घ्यावी की भाड्याने?

पाणकोंबडी | १५ सप्टेंबर २०२५

जुनी विकत घे. माझी तेहरानवालीकडे ठेवलीय, निवड झाली की कळव, तिला सांगते. पुढचा ब्रेक करकरतो आणि मागचा दिवा गेलाय, तो आधी बसवून घे. दिव्याशिवाय पकडलं तर २० युरो दंड आहे.